पहिल्या हाकेला

आगशीत, जुवारीच्या खाऱ्या वाऱ्यात,
भात कापून झालेल्या शेतांत वांगी लागतात.
पिएदादबाय म्हणाली, यंदा रोपं दुपारी मान टाकतात,
पाणी घातलं तरी.
मी खुरपं मागितलं. ती हसली.
"शिकलेली माणसं पानं बघून परत जातात."

बुंध्याशी दोन देठ उभे होते, जांभळट,
एकही पान नाही, हिरवं म्हणून काही नाही,
उदबत्तीला फुलं यावीत तसे.
बंबाखू, मी म्हटलं.
नावाचं काय घेऊन बसलीस, उपट.
उपटलं, तर खाली वांग्याचं मूळ
आणि मुळाला करवंदाएवढी गाठ.
वांगं कुठे संपतं, हे कुठे सुरू होतं,
नखानं शोधलं.
नाही सापडलं.

प्रयोगशाळेत काचेची पेटी, पेटीवर काळं कापड.
दिवसातून एकदा बाजूला करायचं, हिरव्या दिव्याखाली,
आणि मूळ काचेला घासत खाली येताना बघायचं.
बी इतकं बारीक
की शिंक आली तर आठवड्याची नोंद गेली.
वीस वर्षं पडून राहतं म्हणे मातीत.
(वीस वर्षांपूर्वी मी डिचोलीत, परसात चवळी पेरून
रोज सकाळी उकरून बघायचे, रुजली का.)

याला नुसता पाऊस पुरत नाही.
याला हाक लागते.

स्फुरद कमी पडलं की मूळ मातीत काहीतरी सोडतं,
असून नसल्यासारखं.
बुरशीला बोलावणं असतं ते: ये, देवघेव करू.
बुरशी येतेही.
पण वाटेत आणखी कुणीतरी ऐकलेलं असतं.

अहवालात मी याला स्राव म्हणते.
पिएदादबायसमोर हाक म्हणाले, तशी ती थबकली.
"अगे, रात्री कुणी नावानं हाक मारली तर
पहिल्या हाकेला ओ देऊ नये. दुसऱ्याही नाही.
तिसऱ्यांदा आली, तर माणूस."
एवढ्यात तिचा फोन वाजला.
मुलगा तारवटी, कुठल्याशा बंदरातून.
पहिली रिंगसुद्धा तिनं पुरी होऊ दिली नाही.

मग आम्ही खोटी हाक मारली.
कुपीतली चिमूटभर पूड, पाण्यात उतरवलेली,
रिकाम्या वाफ्यावर शिंपली.
वांगं नाही, कसलंच मूळ नाही,
फक्त पंधरा दिवस ओली ठेवलेली माती
आणि जाळीच्या पिशव्यांत पुरलेलं बी.

रुजताना ते एक धागा सोडतं.
शिदोरी तेवढीच, तांदळाच्या अर्ध्या दाण्याइतकं अंतर.
तेवढ्यात मूळ भेटलं तर भेटलं.

नवव्या दिवशी पिशव्या काढल्या.
भिंगाखाली धागे, वाट्टेल त्या दिशेला,
काही तर उलटे, स्वतःच्याच बियांकडे वळलेले.
शंभरांत एकसष्ट.
सरांनी कँटीनमधून बन आणि चहा मागवला.
या पद्धतीला आत्मघाती अंकुरण म्हणतात.
मी तो शब्द लिहिला, खोडला, परत लिहिला.
शब्द ठरलेला आहे, मी कोण बदलणार.
पण ते तर जगायला आले होते.

उरलेले एकोणचाळीस. तपकिरी, मिटलेले.
मेले असतील म्हणून रंग घालून पाहिला,
जिवंत असलं की लाल होतं.
बरेचसे लाल झाले.

आकडा सांगितला तेव्हा पिएदादबाय वांगी निवडत होती,
किडकी एका बाजूला, डुकरासाठी.
"ते हुशार," ती म्हणाली. मान वर केली नाही.

मार्चमध्ये वाफे पुन्हा भिजवायचे आहेत.
दुसरी हाक.
एक वाफा, कुंपणाकडचा, तसाच सोडलाय.
वहीत त्याच्यापुढे लिहिलंय: तुलनेसाठी.
तिथे कुणी कुणाला हाक मारलेली नाही.
जाता-येता मी तिथे पाऊल जरा हळू टाकते.